रॉक गार्डन: एक मालवणचं, एक चंडीगडचं

‘चंडीगडला रॉक गार्डन पाहिलं’ असं कुणी म्हणालं की मालवण करून आलेला हमखास म्हणतो, ‘आम्हीही पाहिलंय, सूर्यास्त झकास दिसतो.’ नाव एकच, म्हणून हा घोळ.

मालवणात खडक आधीपासूनच होते. समुद्राकाठच्या कातळाला लागून बाग केली, एवढंच. उद्या तिथली झाडं बदलली, नव्या फरशा बसवल्या, तरी कातळ आणि समुद्र जागेवरच.

चंडीगडची बाग मात्र एका माणसाच्या हातची. नेकचंद सैनी सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होते. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या आराखड्याबरहुकूम नवं शहर उभारताना जुनी गावं पाडली गेली. त्यांचा राडारोडा आणि दगडगोटे नेकचंद सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेत. 1957 च्या सुमारास सुरू झालेला हा उद्योग वर्षानुवर्षं चोरून चालला. फुटक्या कपबशा, टाइल्स, विजेची सॉकेट्स, काकणांचे तुकडे यांतून माणसं आणि जनावरं उभी राहिली. (बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, अशी आपली रीत. इथे ती खरोखरच वाढली.)

1970 च्या दशकात अधिकाऱ्यांना सुगावा लागला. बांधकामाला बंदी असलेली सरकारी जमीन, म्हणजे कागदोपत्री निव्वळ अतिक्रमण. पण लोकांना ते आवडलं. 1976 मध्ये सरकारनेच बाग खुली केली आणि नेकचंदना पगार, हुद्दा, मजूर दिले. 1984 मध्ये पद्मश्रीही मिळाली.

तरी धोका टळला नाही, कारण शेजारी पंजाब-हरियाणा हायकोर्ट आणि त्याच्या गाड्या. 1990 च्या आसपास बागेतून रस्ता काढायचा घाट घातला गेला, तेव्हा लोक बुलडोझरसमोर उभे राहिले. 1996 मध्ये नेकचंद परदेशी गेले असताना पुतळ्यांची नासधूस झाली.

‘पाडलेलं पुन्हा बांधून देऊ’ हे आश्वासन मालवणात चालून जाईल. चंडीगडात कोणता तुकडा कुठे लावायचा याचा आराखडा कुठल्याच कचेरीत नव्हता. तो नेकचंदच्या डोक्यात होता, आणि ते 2015 मध्ये गेले.

2025 मध्ये हायकोर्टाच्या पार्किंगसाठी आणि रस्तारुंदीसाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला. शहरातले लोक पुन्हा निषेधाला जमले. या खेपेला मात्र भिंत आधीच पडली होती.