घटनेत 'पर्यावरणाचा हक्क' नक्की कुठंय?

दर ५ जूनला, पर्यावरण दिनाला, तो फॉरवर्ड फिरतोच, की आपल्या घटनेत १९५० पासूनच स्वच्छ पर्यावरणाचा मूलभूत हक्क लिहिलाय. नाही हो! मूळ घटनेत कलम ४८ होतं, पण ते शेती, पशुपालन आणि गायी-वासरांच्या कत्तलबंदीबद्दल, हवा-पाण्याचं त्यात काही नाही. पर्यावरण, जंगलं, वन्यजीव जपायचं सरकारला सांगणारं ४८-अ आलं १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने, म्हणजे ऐन आणीबाणीत (त्या दुरुस्तीतलं बरंच काही जनता सरकारने नंतर काढून टाकलं, हे मात्र राहिलं), आणि त्याच दुरुस्तीत ५१-अ (जी) पण आलं, जंगलं, तलाव, नद्या, वन्यजीव जपायचं नागरिकांचं कर्तव्य.

आता मेन गोष्ट, ४८-अ हे मार्गदर्शक तत्त्व आहे, म्हणजे सरकारने धोरण ठरवताना पाळायचं तत्त्व, कलम ३७ सरळ सांगतं की अशी तत्त्वं कोर्टातून अंमलात आणता येत नाहीत, म्हणजे नुसतं ४८-अ दाखवून कारखान्याचं सांडपाणी थांबत नाही. मग हक्क आला कुठून? कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातून. १९९१ ला सुभाष कुमार विरुद्ध बिहार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा त्यात धरली. गंमत म्हणजे ती याचिका फेटाळली होती, स्वतःचा राग काढायला केलीय म्हणून! २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणही कोर्टाने कलम १४ (समानतेचा हक्क) आणि २१ मध्ये धरलं.