मैदान किंवा उद्यानाचे आरक्षण बदलत असेल तर हरकत कशी नोंदवावी : पात्रता, कागदपत्रे आणि मुदत

शहराच्या विकास योजनेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या डीपीत, क्रीडांगण किंवा उद्यान म्हणून दाखवलेली जागा रहिवास विभागात टाकण्याचा प्रस्ताव आला, तर त्याविरुद्ध हरकत नोंदवण्याचा अधिकार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ने नागरिकांना दिला आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो आणि अधिनियमात त्यासाठी फी ठरवलेली नाही. तरीही अशा हरकती मोठ्या संख्येने फेटाळल्या जातात, कारण त्या चुकीच्या नोटिशीवर, चुकीच्या कार्यालयात किंवा मुदत संपल्यानंतर दाखल झालेल्या असतात. मुद्दा कितीही रास्त असला तरी सुनावणीत त्याचा विचार होण्याआधीच कागद बाजूला पडतो. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी आपली मोकळी जागा कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ठरवावे लागते.

जागा कोणत्या प्रकारची आहे?

लोकांच्या दृष्टीने समोरचे मैदान हे मैदानच असते. नगररचना विभागाच्या दप्तरी मात्र त्याच मैदानाचे तीन निरनिराळे अर्थ होऊ शकतात.

पहिला प्रकार विकास योजनेतील आरक्षणाचा. जमीन खासगी मालकाची असू शकते, पण तिच्यावर क्रीडांगण किंवा उद्यान असे आरक्षण टाकलेले असते आणि ती महापालिकेने ताब्यात घेणे अपेक्षित असते. दुसरा प्रकार प्रत्यक्ष अस्तित्वातील मैदानाचा किंवा बागेचा, जो योजनेत तसाच दर्शवलेला असतो. मुंबईच्या २०३४ च्या विकास योजनेत हा भेद संकेतांकातच दिसतो : प्रस्तावित क्रीडांगण ‘आरओएस १.४’ आणि प्रस्तावित उद्यान ‘आरओएस १.५’ असे लिहिलेले असते, तर आधीपासून अस्तित्वात असलेल्या जागांना ‘ईओएस’ ने सुरू होणारा संकेतांक असतो. या एका अक्षरावर तुमच्या हरकतीचा सगळा युक्तिवाद बदलतो.

तिसरा प्रकार लेआउटमधील मोकळ्या जागेचा, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात दहा टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी मोकळे सोडावे लागते. सोसायटीच्या मधोमध असलेली, मुलांच्या घसरगुंडीची आणि गणपतीच्या मांडवाची जागा बहुधा हीच असते. ती विकास योजनेच्या नकाशावर हिरव्या रंगात दिसत नाही आणि तिच्यावरील बांधकामासाठी योजनेत फेरबदलाची नोटीस निघत नाही. तिथे कोणी खोल्या उठवत असेल तर हरकत-सूचनांची वाट पाहण्यात अर्थ नसतो. मंजूर रेखांकनाची प्रत जोडून अनधिकृत बांधकामाची, म्हणजे कलम ५२ व ५३ खाली कारवाईची तक्रार करावी लागते. मात्र नियमावली या जागेत मर्यादित स्वरूपाचे क्लबहाऊस वगैरे बांधकाम स्वतःच अनुज्ञेय ठरवते, त्यामुळे दिसेल त्या भिंतीविरुद्ध तक्रार करण्याआधी मंजूर नकाशा पाहून घ्यावा.

यापुढील मजकूर पहिल्या दोन प्रकारांपुरता आहे.

कोण अर्ज करू शकतो?

कोणतीही व्यक्ती. कलम ३७ मध्ये फेरबदलाच्या नोटिशीबाबत हेच शब्द आहेत. अर्जदार त्या जमिनीचा मालक असण्याची, शेजारी राहण्याची किंवा मालमत्ता कर भरत असण्याची अट नाही. भाडेकरू, परिसरातील शाळेचे पालक, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळे पात्र आहेत. असे असूनही खिडकीवर ‘तुमचा या जमिनीशी संबंध काय? सातबारा कुठे आहे?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि बिचारा अर्जदार दुसऱ्याच्या जमिनीचा सातबारा स्वतःच्या नावावर कसा आणायचा या विवंचनेत घरी परत जातो. तिथे वाद न घालता नोटिशीची प्रत पुढे करावी आणि ‘हरकत कोणालाही घेता येते, अर्ज आवक करून पोच द्या’ एवढेच शांतपणे सांगावे. मोकळ्या जागेच्या प्रश्नात आसपासच्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच बंगळूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याविरुद्ध तिथले रहिवासी लढले होते आणि ते वाटप रद्द झाले.

मुदत : सर्वाधिक अर्ज इथे बुडतात

नोटीस कोणत्या कलमाखाली निघाली आहे, यावर मुदत आणि अर्जाचा पत्ता दोन्ही अवलंबून असतात. नोटिशीचा पहिला परिच्छेद कंटाळवाणा असतो खरा, पण कलमाचा क्रमांक त्यातच दडलेला असतो.

संपूर्ण शहराची नवी प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हा ती कलम २६ खाली असते. तिची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते आणि ती सर्वत्र सारखी नसते. मुंबईच्या प्रारूपाला २०१५ मध्ये ६० दिवस होते, तर पुणे महानगर प्रदेशाच्या प्रारूपाला २०२१ मध्ये सुरुवातीला ३० दिवसच देण्यात आले होते. ‘मागच्या वेळी दोन महिने होते’ या आठवणीवर विसंबून राहू नये. मुदतवाढ मिळेलच असे गृहीत धरणे तर त्याहून धोक्याचे आहे.

मंजूर योजनेत एखाद्याच जागेपुरता बदल करायचा असेल तर महापालिका किंवा नगरपरिषद कलम ३७ (१) खाली नोटीस काढते आणि नोटिशीच्या दिनांकापासून एक महिना मिळतो. राज्य शासन स्वतःच असा फेरबदल करते तेव्हा कलम ३७ (१अअ) लावले जाते. त्यातही महिनाच असतो, पण हरकत महापालिकेकडे न देता नोटिशीत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, बहुधा विभागीय नगररचना सहसंचालकांकडे, द्यावी लागते. महापालिकेच्या आवक खिडकीत दिलेला अर्ज तिथून सहसंचालकांकडे वेळेत जाईल, अशी आशा बाळगू नये. अशा अर्जांचा प्रवास कसा होतो, हे सरकारी कचेऱ्यांशी संबंध आलेल्या कोणालाही सांगायला नको.

सगळ्यांच्या नजरेतून निसटणारी नोटीस मात्र कलम ३१ खालची. प्रारूप योजनेवर हरकती झाल्या, नियोजन समितीसमोर सुनावणी झाली, आपले मैदान वाचले, अशा समाधानात लोक निर्धास्त होतात. त्यानंतर योजना मंजुरीसाठी शासनाकडे जाते आणि शासन त्यात आपल्या मर्जीने बदल सुचवू शकते. हे बदल सारभूत, म्हणजे मोठ्या व महत्त्वाच्या, स्वरूपाचे असतील तर योजनेचा तेवढा भाग वगळून उर्वरित योजना मंजूर केली जाते आणि वगळलेल्या भागांसाठी, म्हणजे ‘ईपी’ क्रमांकांसाठी, पुन्हा एक महिन्याची नोटीस निघते. आधी दिलेली हरकत इथे आपोआप लागू होत नाही; ईपी क्रमांक लिहून नव्याने द्यावी लागते.

मुदतीची गणना कुठून करायची, हा आणखी एक फसवा भाग आहे. नोटीस महाराष्ट्र शासन राजपत्रात, बहुतेक वेळा भाग एकच्या विभागीय पुरवणीत, येते. वर्तमानपत्रात ती काही दिवसांनी येऊ शकते आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर त्याहूनही उशिरा. जाहिरात वाचल्याच्या दिवसापासून तीस दिवस मोजणारे अर्जदार त्यामुळे चार-पाच दिवसांनी चुकतात. जो दिनांक सर्वांत आधीचा दिसेल तोच धरावा आणि शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर अर्ज आदल्या कामाच्या दिवशीच द्यावा.

कागदपत्रे, आणि जो कागद कोणाकडेच नसतो तो

अर्ज, ओळखपत्राची प्रत, नोटिशीची प्रत आणि शक्य असल्यास जागेची छायाचित्रे, एवढी तयारी सहज होते. अडते ते जागेच्या ओळखीवर. नोटिशीतील मजकूर साधारण असा असतो : ‘स. नं. ४५/२ (पै.) येथील क्रीडांगणाचे आरक्षण वगळून सदर क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करणे.’ यातल्या कंसातील ‘पै.’ वर, म्हणजे ‘पैकी’ वर, सगळा घोळ अडकलेला आहे. सर्व्हे नंबरच्या नेमक्या कोणत्या भागावरचे आरक्षण उठते आहे, हे मजकुरावरून कधीच कळत नाही. ते कळते भाग नकाशावरून. हा भाग नकाशा नोटिशीसोबत नागरिकांच्या पाहणीसाठी नगररचना विभागात उपलब्ध असतो, असे नोटिशीतच छापलेले असते. प्रत्यक्षात गेल्यावर ‘संबंधित साहेब साइटवर आहेत’ हे उत्तर मिळते. अशा वेळी पाहणीसाठी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी, म्हणजे नकाशा दाखवला नाही हा मुद्दाही हरकतीत मांडता येतो.

इथे बरेच जण माहितीच्या अधिकाराकडे वळतात. तो अर्ज जरूर करावा, पण त्याच्या उत्तराची मुदत तीस दिवसांची आणि तुमच्या हरकतीची मुदतही जवळपास तेवढीच, हे गणित आधी मांडून पाहावे. उत्तर हाती येईपर्यंत हरकतीचा दरवाजा बंद झालेला असतो. म्हणून भाग नकाशा नसला तरी हरकत मुदतीत द्यावी आणि ‘नकाशा मिळाल्यावर पूरक म्हणणे सादर करू’ असे त्यातच नमूद करावे.

सातबारा कोणालाही मिळतो. डिजिटल स्वाक्षरीची प्रत महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत निघते. जागा सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक काढावे लागते, आणि तिथे सर्व्हे नंबर नसून सीटीएस नंबर असतो. नोटीस एका क्रमांकाची आणि उतारा दुसऱ्या क्रमांकाचा अशी अवस्था झाली की अर्ज ‘जागेचा बोध होत नाही’ या शेऱ्याखाली जातो. दोन्ही क्रमांक आणि ओळखीची खूण (शाळेचे नाव, चौक, रस्ता) अर्जात लिहावी.

अर्जात काय लिहावे

‘आमच्या मुलांना खेळायला जागा नाही, तरी कृपया मैदान वाचवावे’ एवढ्यावर कोणताही अधिकारी निर्णय फिरवत नाही, कारण या वाक्याला उत्तर देण्याची त्याच्यावर सक्तीच नसते. कलम २५ खाली तयार झालेल्या विद्यमान जमीन वापर नकाशात ही जागा काय म्हणून दाखवली आहे, शहराच्या त्या नियोजन विभागात (सेक्टरमध्ये) इतर किती क्रीडांगणे आहेत आणि त्यांपैकी किती प्रत्यक्षात विकसित झाली आहेत, बदलासाठी दिलेले कारण कोणते व ते का टिकत नाही, पर्यायी जागा दिली असल्यास ती तेवढ्याच क्षेत्राची व तितक्याच अंतरावर आहे का, हे लिहावे. टेकडी किंवा उतार असेल तर तेही सांगावे. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावरील बांधकामावर निर्बंध असतात. शेवटी नेमकी मागणी एका वाक्यात असावी : ‘आरक्षण कायम ठेवावे.’ आणि ‘मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी’ हे वाक्य विसरू नये.

एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स प्रतींवर सह्या घेऊन गठ्ठा जमा करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. सुनावणीत त्या सर्वांची एकच हरकत धरली जाण्याची शक्यता मोठी असते. त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे स्वतंत्रपणे मांडणे उपयोगाचे ठरते. नगरसेवकाला दिलेले निवेदन, वॉर्ड सभेतील ठराव किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो ही कायद्याने हरकत ठरत नाही. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हातात असेल तेव्हाच अर्ज दाखल झाला, असे समजावे.

सुनावणी

प्रारूप योजनेच्या वेळी नियोजन समिती ऐकते; तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. फेरबदलाच्या वेळी नेमलेला अधिकारी ऐकतो. एका दिवसात अनेक अर्जदार असल्याने वाट्याला मोजकी मिनिटे येतात, म्हणून एक पानी लेखी म्हणणे सोबत न्यावे आणि त्याची पोच घ्यावी. पत्ता बदलला असेल तर कळवावे, कारण सुनावणीचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले तरी दप्तरी ते ‘बजावले’ असेच नोंदले जाते.

जिथे हरकतीला जागाच नाही

एक प्रसंग असा आहे की ज्यात नागरिकाची हरकत ऐकण्याची तरतूदच नाही, आणि दुर्दैवाने बरीच मैदाने त्याच मार्गाने जातात. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली हक्काच्या कागदपत्रांसह खरेदी सूचना, म्हणजे जमीन संपादित करा अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. पावले म्हणजे संपादनाकडे नेणारी खरी कार्यवाही हवी, नुसता पत्रव्यवहार पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले आहे. पुढे आरक्षण व्यपगत झाल्याचा जो आदेश राजपत्रात येतो, तो पाहून लोक हरकतींचे अर्ज घेऊन धावतात. पण तो आदेश निव्वळ घडून गेलेल्या गोष्टीची नोंद असते. मालकालाही यात दोष देता येत नाही, त्याची जमीन वर्षानुवर्षे मोबदल्याविना अडकलेली असते.

म्हणून ज्या जागेची काळजी आहे तिची योजना कोणत्या तारखेला अमलात आली हे पाहून ठेवावे (मुंबईची बहुतांश योजना १ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे), आणि दहा वर्षे भरत आली की त्या आरक्षणावर खरेदी सूचना आली आहे का, आली असल्यास कोणत्या दिनांकाला आणि संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद केली आहे का, अशी माहिती अधिकारात विचारणा करावी. अर्जाला दहा रुपये लागतात आणि इथे तीस दिवसांचा विलंब परवडतो. चोवीस महिन्यांचा काळ चालू असताना महापालिकेवर संपादनासाठी किंवा मालकाला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन जागा ताब्यात घेण्यासाठी लेखी दबाव आणता येतो. तो संपल्यावर आयुक्तांच्या हातातही फारसे काही उरत नाही.

हरकतीवर अंतिम निर्णय झाला की तो प्रत्येक अर्जदाराला पत्राने कळवला जाईलच असे नाही. फेरबदल मंजूर झाल्याची अधिसूचना राजपत्रात येते, आणि उच्च न्यायालयात जायचे असल्यास विलंबाचे स्पष्टीकरण अर्जदारालाच द्यावे लागते. आवक पोच, सुनावणीतील लेखी म्हणणे आणि नोटिशीची मूळ प्रत एकाच फाइलमध्ये ठेवावी आणि सुनावणीनंतरही राजपत्राची विभागीय पुरवणी दर आठवड्याला चाळत राहावी.