व्हर्च्युअल कनेक्ट: ब्लेडच्या केबल गेल्या कुठे?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये एचपीची सी७००० चेसिस (ब्लेड, म्हणजे पातळ सर्व्हर, खोचायचा डबा) दिसली, तर मागून बघा. समोर १६ ब्लेड, मागे नेटवर्कच्या मोजून चार-सहा केबल. या काटकसरीमागे सर्व्हरवाले आणि नेटवर्कवाले यांचं जुनं भांडण आहे.

२००१ मध्ये आरएलएक्स या कंपनीने ३यू उंचीत (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) २४ ब्लेड बसवले. २००२ मध्ये आयबीएमचं ब्लेडसेंटर आलं, ७यूमध्ये १४. जागा वाचली, पण केबलचं काय? पास-थ्रू मॉड्यूल (प्रत्येक पोर्ट तसंच बाहेर काढणारं) लावलं तर १६ ब्लेड, प्रत्येकी दोन पोर्ट, म्हणजे ३२ केबल. चेसिसमध्येच स्विच बसवला तर केबल कमी, पण दर चेसिसमागे दोन नवे स्विच नेटवर्कवाल्याच्या गळ्यात: त्यांचं फर्मवेअर, व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्क), स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधला लूप तोडणारा प्रोटोकॉल). डबा सर्व्हरवाल्याचा, त्यातला स्विच दुसऱ्याचा. साधा व्हीलॅन वाढवायचा तरी दोघांच्या वेळा जुळायला हव्यात.

शिवाय ब्लेडचा बोर्ड बदलला की मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बदलायचा. मग डीएचसीपीचं (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेचं) रिझर्व्हेशन आणि मॅकला बांधलेलं लायसन्स पुन्हा करा. फायबर कार्ड बदललं तर सॅनचं (स्टोरेजच्या नेटवर्कचं) झोनिंगही, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसेल ते.

२००६ मध्ये एचपीचा सी-क्लास आला (सी७००० त्यातलीच) आणि पाठोपाठ व्हर्च्युअल कनेक्ट, म्हणजे स्विचच्या जागी चेसिसच्या मागे बसणारं मॉड्यूल. मॅक आता कार्डाचा नाही, बे-ला (ब्लेडच्या खणाला) लावलेल्या सर्व्हर प्रोफाइलचा. ब्लेड काढा, दुसरा घाला, प्रोफाइल तेच. बाहेरच्या स्विचला पत्ताही लागत नाही. बाहेरच्या बाजूला हे मॉड्यूल स्पॅनिंग ट्री चालवत नाही, एका अपलिंकवरून (बाहेरच्या स्विचकडे जाणाऱ्या जोडणीवरून) आलेली फ्रेम दुसऱ्या अपलिंकवर सोडत नाही. म्हणजे स्विचच्या नजरेत हे मॉड्यूल अनेक मॅक असलेला एक सर्व्हरच. म्हणून समोरच्या स्विचचा पोर्ट एज ट्रंक ठेवायचा, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारा, पण सर्व्हरच्या पोर्टसारखा स्पॅनिंग ट्रीसाठी न थांबणारा.

आतली जोडणी ठरलेली असते. हाफ-हाइट (अर्ध्या उंचीच्या) ब्लेडचं ऑनबोर्ड पहिलं पोर्ट मागच्या इंटरकनेक्ट बे १ला, दुसरं बे २ला. मेझनाइन १ (ब्लेडमधलं जादा कार्ड) बे ३ आणि ४ला. कार्ड घातलं आणि मागचा बे रिकामा असेल तर लिंक येणार नाही. ड्रायव्हरला दोष देण्याआधी हे तपासा.

२००८ च्या अखेरीस व्हर्च्युअल कनेक्टचं फ्लेक्स-१० आलं. १० गिगाबिटचं एक पोर्ट चार फ्लेक्सनिकमध्ये (आभासी कार्डांत) वाटता येतं, १०० मेगाबिटच्या टप्प्यांत. ऑपरेटिंग सिस्टीमला चार वेगळी कार्डं दिसतात. अट अशी, की एकाच पोर्टवरच्या दोन फ्लेक्सनिकना तोच व्हीलॅन देता येत नाही. व्हर्च्युअलायझेशनची आखणी इथेच अडते. २०१० मध्ये फ्लेक्सफॅब्रिकने त्यातल्या एका वाट्यावर स्टोरेजही आणलं. तोपर्यंत २००९ मध्ये सिस्कोनेही यूसीएस या आपल्या सर्व्हर प्रणालीत सर्व्हिस प्रोफाइल आणि एंड-होस्ट मोड (बाहेरच्या स्विचला सर्व्हरसारखं दिसणं) देऊन जवळपास हीच कल्पना आणली होती.

‘दोन अपलिंक जोडल्या, एक स्टँडबायच दिसते’ ही तक्रार नेहमीची. हा बिघाड नाही. एकाच नेटवर्कच्या अपलिंक दोन मॉड्यूलवर असतील तर लूप टाळायला एकच बाजू चालू राहते. एकाच मॉड्यूलवरच्या अपलिंक एकत्र चालवायच्या असतील तर समोरच्या स्विचवर एलएसीपी (अनेक लिंक एक करणारा प्रोटोकॉल) लागतं. स्विचवर ते राहिलं तर तिथेही एकच चालते. दोन्ही मॉड्यूल कामाला लावायची असतील तर व्हर्च्युअल कनेक्टमध्ये प्रत्येकाचं वेगळं नेटवर्क करा, तोच व्हीलॅन दोन्हीकडे द्या आणि टीमिंग (दोन कार्डं जोडीने चालवणं) ऑपरेटिंग सिस्टीमवर सोडा.

मात्र तेव्हा स्मार्टलिंक (अपलिंक तुटली की ब्लेडकडचं पोर्टही पाडणारी सोय) चालू हवंच. नाहीतर अपलिंक तुटली तरी ब्लेडचं कार्ड लिंक जिवंत दाखवतं, टीमिंग दुसऱ्या बाजूला वळत नाही आणि निम्मं ट्रॅफिक हवेत जातं. ‘पिंग कधी लागतो, कधी नाही’ असा फोन आला की आधी हेच बघावं.

दुसरी गोची दोन चेसिस झाल्यावर कळते. एचपीच्या तयार मॅक रेंज ६४ आहेत, ००-१७-ए४-७७ने सुरू होणाऱ्या. स्वतंत्र डोमेन (वेगळा व्हर्च्युअल कनेक्ट कारभार) असलेल्या दोन्ही चेसिसवर पहिलीच रेंज निवडली आणि दोन्ही एकाच व्हीलॅनवर आल्या, तर तोच मॅक दोन ब्लेडवर. स्विचच्या टेबलमध्ये तो पत्ता या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारत राहतो. प्रोफाइल तयार झाल्यावर रेंज बदलता येत नाही, आधी प्रोफाइल काढावी लागतात. म्हणून दुसरी चेसिस रॅकमध्ये चढवण्याआधी पहिलीची रेंज कागदावर लिहून तिच्या दारावर चिकटवा.