चिडकं मूल म्हणजे बायपोलर नाही

मूल सतत चिडतं, आदळआपट करतं म्हणजे त्याला बायपोलरच (मूड टोकाचा वर-खाली होणारा मानसिक आजार), ही समजूत अमेरिकेत १९९० च्या दशकात पसरली आणि अजून फिरतेय, पण ती चूक आहे. बायपोलरमधे मूड एपिसोडने येतो, काही दिवस झोप कमी होऊनही एनर्जी भरपूर, मग परत नॉर्मल नाहीतर एकदम खाली. कायम चिडणाऱ्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तर पुढे त्यांच्यात बायपोलरपेक्षा डिप्रेशन आणि अँक्झायटीच जास्त दिसली, म्हणून तर २०१३ मधे डीएसएम-५ ने, म्हणजे अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेने, त्यांच्यासाठी वेगळं निदान आणलं. मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती-रागासारख्या भावना हाताळणारा भाग, बायपोलरमधे वेगळा वागतो असं म्हणतात ते खरंय, बायपोलर असलेल्या मुलांना समोरच्याचा साधा चेहराही रागीट वाटू शकतो. पण मेंदूच्या एमआरआयवरून बायपोलरचं निदान होत नाही, त्यासाठी प्लीज पैसे घालवू नका.