सिनेट म्हणजे राज्यसभा नव्हे

इस्लामपूरच्या आमच्या थोरल्या काकांनी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. 2024च्या ऑक्टोबरमध्ये माझी टपाली मतपत्रिका अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीच्या घरी आली, तेव्हा व्हिडिओ कॉलवर मी ती त्यांच्यासमोर धरली. आधी राष्ट्राध्यक्षपद, मग सिनेट, मग हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज, आणि प्रत्येक नावापाशी शाईने भरायचा छोटासा लंबगोल. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "अगं, म्हणजे राज्यसभेलाही तुम्हीच मतं देता?"

त्यांच्या डोक्यात जे समीकरण होतं तेच बहुतेक मराठी वाचकांच्या डोक्यात असतं: हाउस म्हणजे लोकसभा, सिनेट म्हणजे राज्यसभा. मीही इथे आले तेव्हा हेच धरून चालले होते. त्याला कारणंही भक्कम आहेत. सिनेटरची मुदत सहा वर्षं, राज्यसभेच्या खासदाराचीही सहा. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा इथेही बदलतात, तिथेही. दोन्ही सभागृहं कधी विसर्जित होत नाहीत. दोन्हींच्या अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष किंवा उपराष्ट्रपती, आणि दोघांनाही मत द्यायचा हक्क फक्त समसमान मतं पडली तरच. इतकं साम्य असल्यावर गल्लत होणारच. पण हे साम्य चौकटीचं आहे. आतला ऐवज वेगळा आहे, आणि तो कळला नाही तर अमेरिकेतली निम्मी बातमी उलटी वाचली जाते.

त्याआधी एक शब्द बाजूला काढून ठेवू. ‘काँग्रेस’ म्हटलं की आपल्याला पक्ष आठवतो. इथे काँग्रेस म्हणजे संसद, हाउस आणि सिनेट मिळून. तरीही ‘काँग्रेसमन’ म्हणतात ते हाउसच्या सदस्यालाच. सिनेटर काँग्रेसमध्येच बसतो, पण त्याला कोणी काँग्रेसमन म्हणत नाही.

आता मोजणी. हाउसमध्ये मतदानाचा हक्क असलेले 435 सदस्य. ते लोकसंख्येप्रमाणे राज्यांत वाटले जातात, आणि ही वाटणी दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर नव्याने होते. 2020च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची एक जागा गेली, टेक्ससला दोन वाढून मिळाल्या. (आपल्याकडे कुठल्या राज्याला लोकसभेच्या किती जागा हे अजून 1971च्या जनगणनेवर अडून आहे. इथे दर दशकाला होणारी ही उलथापालथ बघितली की त्याचं महत्त्व कळतं.) सिनेटमध्ये मात्र माणसं मोजतच नाहीत, राज्यं मोजतात. पन्नास राज्यं, प्रत्येकी दोन, एकूण 100. वायोमिंगची लोकसंख्या 2020मध्ये 5,76,851 होती, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. कॅलिफोर्नियाची 3,95,38,223. हाउसमध्ये वायोमिंगचा एक सदस्य, कॅलिफोर्नियाचे 52. सिनेटमध्ये दोघांचे दोन-दोन.

राज्यसभेत असं नाही. उत्तर प्रदेशाचे 31, महाराष्ट्राचे 19, गोव्याचा एक. म्हणजे आपलं वरचं सभागृहही बऱ्याच अंशी डोकी मोजूनच बनतं. गोव्याला उत्तर प्रदेशाएवढ्या जागा दिल्या आहेत अशी कल्पना करा, म्हणजे सिनेट काय चीज आहे ते कळेल.

1787मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्या लोकांत याच मुद्द्यावरून जवळजवळ फाटाफूट झाली होती. छोट्या राज्यांना भीती होती की मोठी आपल्याला गिळतील. तोड निघाली ती अशी: एका सभागृहात लोक, दुसऱ्यात राज्यं. आणि ही तोड कोणी मोडू नये म्हणून घटनेत लिहून ठेवलं की सिनेटमधला समान वाटा एखाद्या राज्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय काढून घेता येणार नाही. मला विचाराल तर आज ही रचना न्याय्य वाटत नाही. वायोमिंगमधल्या माणसाच्या मताला कॅलिफोर्नियातल्या माणसाच्या मतापेक्षा सिनेटपुरतं अडुसष्टपट वजन का असावं, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. पण ती का झाली, हे समजतं.

काकांच्या प्रश्नाकडे परत येते. तो प्रश्न 1912मध्ये विचारला असता तर अगदी बरोबर ठरला असता. तोवर सिनेटरला लोक मत देत नव्हते. राज्याची विधिमंडळं त्याला निवडत, जसे आपले आमदार आजही राज्यसभेचे खासदार निवडतात. त्यातून जे व्हायचं ते झालं. पैशाचे व्यवहार झाले, विधिमंडळात एकमत होईना म्हणून जागा महिनोन् महिने रिकाम्या राहिल्या. डेलावेअर राज्याला 1901 ते 1903 या काळात सिनेटमध्ये एकही माणूस नव्हता. शेवटी 1913मध्ये सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि सिनेटर थेट लोकांनी निवडायला सुरुवात झाली. राज्यसभेची वाट आणि सिनेटची वाट इथे फुटली. हे सांगितल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडे असं होईल?" मी काय सांगणार?

तिसरा फरक सत्तेचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. लोकसभेत सरकार जन्मतं आणि लोकसभेतच पडतं. 17 एप्रिल 1999ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, ते मतदान काकांनी टीव्हीसमोर बसून पाहिलेलं आहे. अमेरिकेत हाउसला राष्ट्राध्यक्षाचं सरकार असं पाडता येत नाही, कारण ते हाउसमधून बनलेलंच नसतं. हाउसला फार तर स्वतःचा स्पीकर पाडता येतो. 3 ऑक्टोबर 2023ला केविन मॅकार्थी यांना 216 विरुद्ध 210 मतांनी हटवलं, नवा स्पीकर मिळायला 25 ऑक्टोबर उजाडला, तोवर सभागृहाचं काम ठप्प होतं. राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीला मात्र त्याने धक्काही लागला नाही.

आणि ज्याला आपण ‘वरचं, पण दुबळं’ सभागृह समजतो ते सिनेट इथे ताकदीने भारी आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मंत्री, राजदूत यांच्या नेमणुका सिनेटने मान्य केल्या तरच होतात. परराष्ट्रांशी करार दोन तृतीयांश सिनेटरांच्या संमतीशिवाय पक्का होत नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकीत हाउसला शब्दही बोलता येत नाही. 2016मध्ये ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव पाठवलं, सिनेटने ते मतदानालाच घेतलं नाही, आणि विषय संपला. शिवाय बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायला सिनेटमध्ये 60 मतं लागतात, त्यामुळे 51 जणांचं बहुमत असलं तरी पुष्कळदा काही हलत नाही.

पैशाच्या बाबतीत तरी लोकसभेसारखं आहे का? अर्धवट. कराचं विधेयक हाउसमध्येच सुरू व्हायला हवं, असं घटना सांगते. पण आपल्याकडे धनविधेयक राज्यसभेला चौदा दिवसांत परत द्यावं लागतं आणि तिच्या सूचना लोकसभेने मानल्या नाहीत तरी चालतं. इथे सिनेट ते विधेयक उघडून पुन्हा शिवतं. 2025चं मोठं करविधेयक बघा. 22 मेला हाउसमध्ये 215 विरुद्ध 214 असं काठावर मंजूर झालं. सिनेटने त्यात बदल केले, 1 जुलैला तिथे 50-50 झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने ते पार पडलं. मग ते बदललेलं विधेयक हाउसकडे परत गेलं आणि 3 जुलैला 218 विरुद्ध 214 मतांनी हाउसने ते जसंच्या तसं स्वीकारलं.

ज्या बातमीने आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ होतो ती महाभियोगाची. ‘ट्रम्प यांच्यावर महाभियोग मंजूर’ असा मथळा वाचून गावाकडून मला विचारणा झाली होती, "मग आता नवीन कोण?" महाभियोग मंजूर होणं म्हणजे आरोपपत्र दाखल होणं. ते काम हाउसचं, साध्या बहुमताने. खटला चालवायचा सिनेटने, आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांची दोन तृतीयांश मतं हवीत. ट्रम्प यांच्यावर हाउसने दोनदा आरोप ठेवले, डिसेंबर 2019 आणि जानेवारी 2021. दुसऱ्या खेपेला सिनेटमध्ये 57 जण दोषी म्हणाले, 43 निर्दोष. लागत होते 67. आजवर सिनेटने एकाही राष्ट्राध्यक्षाला अशा रीतीने पायउतार केलेलं नाही.

याच संदर्भात बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांचं नाव एप्रिल 2025मध्ये मराठी घरांत निघालं. त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं हाउसमध्ये दाखल केली. आपल्या माणसाचं नाव म्हणून मलाही ऊर भरून आला. पण कलमं दाखल करायला एक सदस्यही पुरतो. त्यावर सभागृहाने मत द्यावं लागतं, आणि ठाणेदारांनी मे महिन्यात मतदानाचा आग्रह सोडला. त्यांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. 2020मध्ये ते मिशिगनच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जवर निवडून आले, म्हणजे तिथले आमदार झाले. 2022मध्ये डेट्रॉइटच्या भागातून ते वॉशिंग्टनच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जवर गेले, म्हणजे खासदार झाले. दोन्ही सभागृहांचं नाव एकच. सिनेटचंही तसंच, नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात दोन सभागृहं आहेत आणि वरच्याचं नाव सिनेटच. ‘भारतीय वंशाचा माणूस सिनेटर झाला’ असं वाचलं की आधी विचारावं, राज्याचा की देशाचा.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले होते. अंगावर आलं ते 2024च्या उन्हाळ्यात. आईच्या ग्रीन कार्डची फाइल अकरा महिने हलत नव्हती. इथे अशा वेळी खासदाराच्या कचेरीत फोन करतात, एक संमतिपत्र सही करून देतात आणि कचेरीतली माणसं सरकारी खात्याकडे चौकशी करतात. आमचा मतदारसंघ न्यू जर्सीचा दहावा. आमचे काँग्रेसमन डोनाल्ड पेन ज्युनियर 24 एप्रिलला वारले होते. फोन उचलणाऱ्या बाईंनी खासदाराचं नाव घेतलं नाही, मतदारसंघाचा क्रमांक सांगितला. म्हणाल्या, कचेरी सध्या हाउसच्या क्लार्कच्या, म्हणजे सभागृहाच्या सचिवासारख्या अधिकाऱ्याच्या, देखरेखीखाली चालते, तुमच्या फाइलची चौकशी आम्ही करू, पण कुठल्याही विधेयकाबद्दल काही बोलू शकणार नाही आणि मत द्यायला कोणी नाही. पोटनिवडणूक झाली ती 18 सप्टेंबरला. जवळजवळ पाच महिने सात लाखांवर लोकांच्या नावाने त्या सभागृहात कोणी हात वर केला नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या राज्याची सिनेटची एक जागाही रिकामी झाली. बॉब मेनेंडेझ भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरले आणि 20 ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. गव्हर्नरनी जॉर्ज हेल्मी यांना नेमलं आणि 9 सप्टेंबरला त्यांचा शपथविधीही झाला. (गव्हर्नर म्हणजे दिल्लीहून पाठवलेला राज्यपाल समजू नका, त्यालाही लोकच निवडतात.) वीस दिवसांत सिनेटची खुर्ची भरली, हाउसची पाच महिने रिकामी. कारण सिनेटच्या रिकाम्या जागेवर राज्य तात्पुरता माणूस नेमू शकतं. हाउसमध्ये नेमणूक चालतच नाही. मतदारांनी निवडल्याशिवाय त्या सभागृहात आजवर एकही सदस्य बसलेला नाही. ती रिकामी खुर्ची मला फार सलली होती. तरीही कोणी नेमून पाठवलेला माणूस तिथे बसावा असं मला एकदाही वाटलं नाही.

आईच्या फाइलचं उत्तर सप्टेंबरअखेर आलं. ऑक्टोबरात काकांना मतपत्रिका दाखवताना मी सिनेटच्या उमेदवारांतल्या अँडी किम यांच्या नावावर बोट ठेवलं. "हे आत्ता हाउसमध्येच आहेत, तिसऱ्या मतदारसंघाचे. आता सिनेटला उभे आहेत."

"मग त्यांच्या त्या जागेवर कोण?"

"ती निवडणूकही आत्ताच आहे काका, पण माझ्या पत्रिकेवर ती नाही."

त्यांना पटकन उमगेना. मग न्यू जर्सीतच, पण दुसऱ्या मतदारसंघात, एडिसनला राहणाऱ्या मैत्रिणीकडून तिच्या कोऱ्या पत्रिकेचा फोटो मागवला आणि दोन्ही शेजारी धरल्या. राष्ट्राध्यक्षपदाची नावं तीच. सिनेटची तीच. हाउसच्या खाली मात्र तिच्याकडे वेगळी माणसं, माझ्याकडे वेगळी. काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि दोन्हीकडची नावं एकेक करून मोठ्याने वाचली.