खिशातलं बंद पाकीट

मेंढीकोट खेळायला चौघे बसलात. पत्ते वाटून झाल्यावर वाटणाऱ्याने इतर तिघांच्या पत्त्यांची यादी पाकिटात घालून तुमच्याच खिशात ठेवली आणि वर बजावलं, "उघडायचं नाही हं!" असा डाव कुणी मांडणार नाही. ऑनलाइन गोळीबाराचे गेम मात्र जवळपास असेच चालतात. भिंतीआड दबा धरून बसलेला गडी तुम्हाला दिसत नाही, पण तो कुठे आहे हे तुमच्या कॉम्प्युटरला बऱ्याचदा ठाऊक असतं. 'वॉलहॅक' नावाचं फसवेगिरीचं सॉफ्टवेअर काही जादू करत नाही, फक्त ते पाकीट फोडतं.

मग सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा खेळ चालवणारा मधला कॉम्प्युटर, ही माहिती आधी पाठवतोच कशाला? कारण उशीर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समजा सर्व्हर सिंगापूरला आहे. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच ३९ मिलिसेकंद गेले. समुद्रातली केबल काही सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. शत्रू कोपऱ्यावर आल्यावरच त्याची खबर द्यायची म्हटलं, तर तो तुमच्या पडद्यावर हवेतून टपकल्यासारखा उगवेल, आणि तोवर तुम्ही मेलेले असाल. म्हणून थोडं आधी सांगून ठेवावं लागतं. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमचा सर्व्हर ही 'थोडं आधी'ची वेळ शक्य तितकी आखडती घेतो. शून्यावर मात्र आणता येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे पहारेकरी. व्हॅलोरंटचाच व्हॅनगार्ड हा फसवेगिरी पकडणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटर सुरू होतानाच ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात जाऊन बसतो, तिथून त्याला सगळंच दिसू शकतं. एका खेळापायी घराच्या किल्ल्या परक्याच्या हाती द्यायच्या, हे मला तरी पटत नाही. पण रोज रडीच्या डावाला कंटाळलेली पोरं खुशीने देतात, हेही खरं.

स्पर्धेच्या हॉलमध्ये खेळलं तरी सुटका नाही. २०१८ साली शांघायमध्ये काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्याच गेमच्या स्पर्धेत भारतीय संघाचा एक खेळाडू पकडला गेला. नेम धरून देणाऱ्या त्याच्या सॉफ्टवेअरच्या फाइलचं नाव काय, तर 'वर्ड डॉट ईएक्सई'! ऐन सामन्यात कोण पत्र टाइप करत बसतं?

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र 'डोटा २' हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची. लाचखोराला पकडताना लाचलुचपतवाले नोटांना अँथ्रासीन पावडर लावतात, त्याच जातीची. त्यांच्या गेममधली लपलेली माहिती वाचणारं एक सॉफ्टवेअर बोकाळलं होतं. कंपनीने अपडेटमध्ये डेटाचा असा एक तुकडा पेरला, जो सरळ खेळताना कधीच वाचला जात नाही. कुणी वाचला, की त्याच्या बोटांना पावडर लागलीच. ना कुणाच्या कॉम्प्युटरची झडती, ना नेमबाजीवरून शंकाकुशंका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४० हजारांहून जास्त खाती एकदम कायमची बंद झाली.