‘एइ रात तोमार आमार’ आणि माउथ ऑर्गन : एक पार्श्वभूमी

1959 साली प्रदर्शित झालेल्या ‘दीप ज्वेले जाइ’ या बंगाली चित्रपटातील ‘एइ रात तोमार आमार’ हे गीत मराठी श्रोत्याने प्रथमच ऐकले, तरी त्याची चाल बहुधा ओळखीची वाटते. हेमंत मुखोपाध्याय, म्हणजे आपल्याकडचे हेमंतकुमार, यांनी स्वतःच बांधलेली ही चाल 1964 सालच्या ‘कोहरा’साठी पुन्हा वापरली आणि ‘ये नयन डरे डरे’ या रूपाने ती हिंदीत रुळली. गौरीप्रसन्न मजुमदार यांचे मूळ बंगाली शब्द त्यामुळे बंगालबाहेर फारसे गेले नाहीत, चाल मात्र गेली. शब्दांवाचूनही जी उभी राहू शकते, अशीच चाल वादकांच्या हाती जाते; केवळ माउथ ऑर्गनवर हे गीत वाजवण्याची जी हौस आज दिसते, तिच्या मुळाशी हीच गोष्ट आहे, असे मला वाटते.

बंगालला पत्तीचा सूर नवा नव्हता. माउथ ऑर्गन आणि हार्मोनियम ही एकाच कुळातील वाद्ये आहेत; हवेच्या झोताने थरथरणारी धातूची पातळ पत्ती हाच दोहोंचा आवाज. पॅरिसच्या अलेक्झांड्र दबँ यांनी 1842 साली पेटंट घेतलेल्या पायपेटीला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल असे रूप मिळाले, त्यात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या पेढीचा वाटा मोठा होता. माउथ ऑर्गन आला तो जर्मनीतून. ट्रॉसिंगेन गावी मथियास होनर यांनी 1857 साली सुरू केलेल्या कारखान्याने हे खिशात मावणारे वाद्य जगभर पोचवले. पुढे जपानी आणि चिनी बनावटीचे ट्रेमोलो माउथ ऑर्गन स्वस्तात मिळू लागले. त्यांत प्रत्येक सुराला दोन पत्त्या असतात व त्या सुरात एकमेकींपासून किंचित हटवून लावलेल्या असतात, म्हणून सूर लहरत राहतो. तो कानाला गोड लागतो खरा, पण अशा वाद्यावर सहसा कोमल-तीव्र स्वर मिळत नाहीत. मग वादक दोन पट्ट्यांची दोन वाद्ये एकावर एक धरून वाजवतात.

ही अडचण क्रोमॅटिक माउथ ऑर्गनने दूर केली. त्याच्या कडेची कळ दाबली की प्रत्येक सूर अर्ध्या स्वराने चढतो. बारा छिद्रांच्या या वाद्यात 48 पत्त्या आणि तीन सप्तके असतात. पांढरी एकच्या, म्हणजे सी पट्टीच्या, वाद्यावर सा, ग, प हे फुंकून, तर रे, म, ध, नी हे श्वास आत ओढून वाजतात. गायक ज्या ठिकाणी एका दमात सा वरून रे वर जातो, तेथे वादकाला श्वासाची दिशाच बदलावी लागते, आणि तो सांधा ऐकू येऊ न देणे हे या वादनातले खरे कसब आहे. ओठ व घशाच्या ताणाने सूर थोडा खाली ओढता येतो, पण लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही. हार्मोनियमवरही हाच आक्षेप होता, आणि त्याच कारणाने 1940 पासून तीन दशके ऑल इंडिया रेडिओवर त्या वाद्याला बंदी होती.

मग मींडप्रधान भारतीय गाणे या वाद्यावर कसे बसावे? येथे हेमंतदांची गायकी वादकाच्या मदतीला येते. हरकती कमी, सूर सरळ आणि लांब, ओळ संपली की पुरेशी विश्रांती: त्यांची चाल स्वरांच्या जागांवर उभी असते, स्वरांमधल्या वळणांवर कमी. ‘मी डोलकर’ किंवा ‘गोमू संगतीनं’ आठवून पाहिले तरी त्यांच्या गळ्याचा हा सरळपणा ध्यानात येतो. अडचण येते ती उंचीची. बारा छिद्रांच्या वाद्याचा सर्वांत खालचा सूर पियानोवरचा मधला सी असतो आणि हेमंतदांच्या खर्जाळ आवाजाचा बराचसा वावर त्याच्याही खाली होतो. परिणामी बहुतेक वादक हे गीत एक सप्तक वर नेतात आणि रात्रीचे गाणे जरा उजळ होऊन बसते. ज्यांच्याजवळ सोळा छिद्रांचे, चार सप्तकांचे वाद्य आहे, त्यांना मूळच्या गडद रंगाजवळ जाता येते; मला तेच अधिक योग्य वाटते.

चित्रपटगीते वाद्यावर ऐकण्याची सवय कोलकात्यात ध्वनिमुद्रिकांनी लावली. दुर्गापूजेच्या सुमारास नव्या तबकड्या काढण्याची तेथे प्रथा होती, जशी आपल्याकडे दिवाळी अंकांची. सुनील गांगुली यांची इलेक्ट्रिक गिटार, मुंबईहून जाऊन पन्नासच्या दशकात कोलकात्यात स्थायिक झालेले पारशी वादक व्ही. बालसारा यांची अकॉर्डियन व पियानो, आणि मिलन गुप्ता यांचा माउथ ऑर्गन यांवर लोकप्रिय गाण्यांच्या धून निघाल्या. तोंडी लावायचे खेळणे समजले जाणारे वाद्य मिलन गुप्ता यांच्यामुळे तबकडीवर मुख्य वाद्य म्हणून आले.

मुंबईत त्याची वाट वेगळी होती. तेथे तो वाद्यवृंदात राहिला. 1958 सालच्या ‘है अपना दिल तो आवारा’ या हेमंतकुमारांच्याच गाण्यातला माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला, 1964 सालच्या ‘दोस्ती’तलाही त्यांचाच. ‘शोले’त अमिताभ बच्चन वाजवताना दिसतात ती धून रंगूनमध्ये जन्मलेल्या भानू गुप्ता यांची. हे दोन्ही वादक बंगाली असले, तरी या कामांत माउथ ऑर्गनला गाण्याचा किंवा प्रसंगाचा एक तुकडाच भरायचा होता. कोलकात्याच्या तबकडीवर त्याला अख्खे गाणे पेलावे लागले. साथीशिवाय ‘एइ रात तोमार आमार’ वाजवणाऱ्याला तर मूळ ध्वनिमुद्रणात वाद्यवृंदाने भरलेल्या मोकळ्या जागाही स्वतःच सांभाळाव्या लागतात. काही जण जिभेने शेजारची छिद्रे झाकून व उघडून मधूनमधून स्वरसंगतीचा ठेका देतात, तर काही जण त्या जागा रिकाम्याच सोडतात.